खिडकीवाली चिप निघाली म्हणजे रद्द झालेला गेम सापडला का?

प्रश्न, थोडक्यात: मानोरा तालुक्यात आमचं गाव. १९९०च्या दशकात मोठे काका बसस्टँडजवळ तासावर व्हिडिओ गेम खेळायला देत. त्यांच्या पेटीतून कॅसेटचा ढीग निघाला. एका कॅसेटमध्ये मारिओसारखा माणूस सोनिकसारखा गोल होऊन फिरतो. दुसरीवर स्टिकरच नाही. ती उघडली तर आत काचेची खिडकी असलेल्या दोन चिप. एकीवर २७सी२५६, दुसरीवर २७सी६४ आणि दोन्हींवर ९२१४ लिहिलं आहे. लावली की पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. अशा कॅसेटमध्ये कंपनीने रद्द केलेले गेम असतात असं ऐकलं. माझ्याकडचे तसे आहेत का? पुन्हा लावून पाहू का? विकायचे झाले तर काय करू?

उत्तर:

भाऊ, आधी एक काम करा. ती बिनस्टिकरची कॅसेट सध्या परत लावू नका. दोन्ही खिडक्यांवर काळी इन्सुलेशन टेप लावा आणि कॅसेट घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या जागी ठेवा. पत्र्याखालच्या खोलीत तर अजिबात नको.

काहून म्हणाल तर, खिडकीवाली चिप म्हणजे ईप्रॉम. तिच्यातला मजकूर अगदी बारीक विद्युतभाराच्या रूपात अडकवून ठेवलेला असतो. अतिनील किरण खिडकीतून आत गेले की तो भार निघून जातो आणि चिप कोरी होते. पुसून पुन्हा लिहिता यावं म्हणूनच ती खिडकी ठेवलेली असते. या चिपच्या माहितीपत्रकात कंपन्या स्पष्ट लिहीत की थेट उन्हात साधारण एका आठवड्यात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत ती पुसली जाऊ शकते. आपल्याकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन तुम्हाला सांगायला नको. शिवाय नुसत्या उष्णतेनेही भार हळूहळू गळतो. तुमची चिप तीस वर्षांहून जुनी आहे, तेव्हा फोटो काढायलाही ती अंगणात नेऊ नका.

मी यवतमाळ जिल्ह्यात टीव्ही दुरुस्तीचं काम करत आलो. नव्वदच्या दशकात टीव्हीइतकीच गेमची मशीनं माझ्या टेबलावर असायची. आता जुन्या कॅसेटमधला मजकूर वाचून जपून ठेवणं हे माझं आवडीचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची पहिली कॅसेट मी न पाहता ओळखतो. तो गेम 'सोमारी'. १९९४च्या सुमारास तैवानमध्ये विनापरवाना तयार झालेला. सेगाच्या १९९१च्या सोनिकच्या लेव्हल उचलल्या आणि त्यात निन्टेन्डोचा मारिओ बसवला. सेगा आणि निन्टेन्डो तेव्हा एकमेकांचे कट्टर स्पर्धक. असा गेम काढायचं दोघांपैकी कोणीही ठरवलं नव्हतं, मग तो रद्द तरी कोण करणार? मारिओ कार्टमधली मंडळी एकमेकांना ठोसे मारतात तो 'कार्ट फायटर'ही याच जातीचा. याच मशीनवर चालणारे स्ट्रीट फायटरचे नाना अवतार खेळलेले पोट्टे तर आपल्या गावागावांत सापडतील. तेही सगळे विनापरवाना.

पण म्हणून सोमारीला हलकं समजू नका. सेगाच्या मशीनला ६४ केबी मुख्य मेमरी होती, आपल्या आठ-बिट मशीनला, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकलेला, अवघी २ केबी. एवढ्या जागेत सोनिकची धाव बसवणाऱ्याला कसब लागतं. ती कॅसेट नीट जपा, फक्त 'रद्द झालेला गेम' म्हणून कोणाला दाखवू नका.

आता रद्द झालेल्या गेमचं खरं प्रकरण. बहुतेकांना वाटतं की गेम बिघडला, जमला नाही, म्हणून कंपनीने सोडला. काही वेळा तसं होतंही. पण या मशीनच्या बाबतीत पुष्कळ गेम पूर्ण तयार होऊन, तपासून, बाजारात जाण्याच्या दारात अडले. याचं कारण कॅसेटच्या धंद्यात आहे. निन्टेन्डोच्या मशीनसाठी परवान्याने गेम काढणाऱ्या बहुतेक कंपन्यांना कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्या लागत आणि पैसे आधी भरावे लागत. अमेरिकेत तर एका कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा होती. म्हणजे गेम लिहून झाला तरी मोठा खर्च पुढेच उभा असायचा. माल खपणार नाही अशी शंका आली की कंपनी तिथेच थांबायची आणि तयार गेम चाचणीच्या ईप्रॉम चिपवर तसाच राहून जायचा.

अशी शंका येण्याचा काळ म्हणजे १९९० ते १९९४. फॅमिकॉम हे मशीन जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं, त्याचंच अमेरिकेतलं रूप म्हणजे एनईएस. नोव्हेंबर १९९० मध्ये जपानात आणि ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेत त्याचा सोळा-बिट धाकटा भाऊ आला आणि आठ-बिट गेमवर पैसा लावायला कोणी धजेना. 'सिमसिटी'चं उदाहरण घ्या. शहर वसवायचा तो प्रसिद्ध गेम निन्टेन्डोने एनईएससाठीही तयार करायला घेतला होता आणि जानेवारी १९९१ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात दाखवला होता. बाजारात आली ती फक्त सोळा-बिट आवृत्ती. आठ-बिटवाल्याच्या चाचणीच्या दोन प्रती २०१७ मध्ये उजेडात आल्या. मालकांच्या संमतीने त्या वाचल्या गेल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने सगळा तपशील प्रसिद्ध केला. सोळा-बिट आवृत्तीत नसलेलं संगीतही त्यात निघालं. सत्तावीस वर्षं ते संगीत दोन चिपवर पडून होतं, आणि त्या चिप नीट ठेवल्या गेल्या म्हणून आज ऐकायला मिळतं.

'फायनल फँटसी २'चंही तसंच झालं. त्याची इंग्रजी आवृत्ती एनईएसवर यायची होती, जाहिरातही झाली होती. ती सोडून दिली आणि पुढे सोळा-बिटवरच्या चौथ्या भागालाच अमेरिकेत 'फायनल फँटसी २' म्हणून विकलं. सनसॉफ्टचा 'सनमॅन' मुळात सुपरमॅनचा गेम म्हणून सुरू झाला होता, पण परवान्याचं जमलं नाही. कलर ड्रीम्सने 'हेलरेझर' जाहीर केला, त्यासाठी कॅसेटमध्येच झेड८० प्रोसेसर घालायचा बेत होता, पण तो गेम कधी आकारालाच आला नाही. म्हणजे 'रद्द' या एका शिक्क्याखाली पूर्ण झालेले गेम आहेत, अर्धवट राहिलेले आहेत आणि जाहिरातीपुरतेच जगलेलेही आहेत. तिसऱ्या प्रकारचा गेम कोणी 'सापडला' म्हणून विकायला आणला तर सरळ नाही म्हणा.

मला या सगळ्यात 'मदर'ची हकिकत सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण खऱ्या-खोट्याचा निवाडा कसा होतो ते तिच्यात दिसतं. हा गेम जपानमध्ये जुलै १९८९ मध्ये आला. अमेरिकेसाठी त्याचं इंग्रजी भाषांतर १९९०मध्ये पुरं झालं, पण गेम निघालाच नाही. १९९८ मध्ये चाचणीची एक कॅसेट बाहेर आली, हौशी मंडळींनी ती वाचली आणि 'अर्थबाउंड झिरो' नावाने फाइल फिरू लागली. बऱ्याच जाणकारांना ती बनावट वाटली. इंटरनेटवरच्या कोणीतरी भाषांतर करून घुसवलं असेल, असा त्यांचा समज. पण त्या प्रतीत मूळ जपानी गेममध्ये नसलेले बदल होते. बटण दाबून पळता येत होतं, शेवट लांबवला होता. २००३ मध्ये निन्टेन्डोने जपानमध्ये हा गेम गेमबॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या मशीनवर पुन्हा काढला, तेव्हा हेच बदल त्यात दिसले. पाच वर्षं आधी फिरत असलेल्या फाइलमध्ये ते कोणी हौशी माणूस अंदाजाने घालूच शकला नसता. मग शंका मिटली, आणि जून २०१५ मध्ये निन्टेन्डोनेच ती इंग्रजी आवृत्ती 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' नावाने अधिकृतपणे दिली.

याच्या उलट 'बायो फोर्स एप'. सेटा कंपनीचा, कुस्तीचे डाव टाकणाऱ्या माकडाचा गेम. मासिकात चित्रं येऊन गेली, गेम आला नाही. २००५ मध्ये एकाने आपल्याकडे प्रत असल्याचं सांगून चित्रं टाकली, लोक दिवसचे दिवस त्यावर चर्चा करत राहिले आणि ती चित्रं बनावट निघाली. खरी प्रत २०१० मध्ये जपानी लिलावात आली. दोन्ही प्रकरणांतून मी एकच पाळतो: सांगणाऱ्याच्या गोष्टीवर किंवा पडद्याच्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही, चिपमध्ये काय आहे ते वाचून बघायचं.

आता तुमची कॅसेट. न वाचताही तिच्याबद्दल बरंच सांगता येतं, कारण तुम्ही चिपचे नंबर नीट लिहून पाठवलेत. २७सी२५६ म्हणजे ३२ केबी, २७सी६४ म्हणजे ८ केबी. मोठीत गेमचा प्रोग्राम, लहानीत चित्रं. एकूण ४० केबी. कॅसेटमध्ये जास्तीची कसलीही चिप न घालता हे मशीन जेवढं थेट बघू शकतं तेवढंच हे माप. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स बरोबर याच मापात बसवलेला आहे. त्यानंतरचे गेम मोठे होत गेले आणि त्यांच्या बोर्डवर मजकुराचे तुकडे अदलाबदल करून दाखवणारी वेगळी चिप आली. सिमसिटी काय नि मदर काय, ४० केबीत बसणारे नाहीत.

९२१४ हा तारखेचा शिक्का आहे: १९९२ सालाचा चौदावा आठवडा. त्या आठवड्यात चिप बनली, म्हणजे गेम तिच्यावर त्यानंतरच लिहिला गेला. १९९२ मध्ये ४० केबीचा नवा गेम लिहायला घेणारी परवानाधारक कंपनी मिळणं फारच कठीण. पण १९८३ ते १९८६ मधला जुना छोटा गेम १९९२च्या स्वस्त चिपवर उतरवून विकणारे कारखाने हाँगकाँग-तैवानकडे भरपूर होते. आणखी एक खूण म्हणजे तुमची कॅसेट आपल्या मशीनमध्ये बसते. याचा अर्थ तिला ६० पाय आहेत, जपानी फॅमिकॉमचं माप. अमेरिकी एनईएसच्या कॅसेटला ७२ असतात. म्हणजे अमेरिकेत रद्द झालेल्या गेमची मूळ प्रत तर ही नाहीच.

खिडकीवरून मात्र काहीच ठरत नाही. खऱ्या चाचणी-प्रतीत खिडकीवाली चिप असते हे खरं, पण थोडा माल काढणारे नकलीवालेही तीच चिप वापरत. मोठा माल काढला की ते बोर्डवर काळ्या डांबरासारखा ठिपका ओतत, तो तुमच्या बाकीच्या कॅसेटमध्ये दिसेल. खऱ्या चाचणी-प्रतीवर बहुधा हाताने लिहिलेली चिठ्ठी असते: गेमचं नाव, तारीख, कधी बेरजेचा तपासणी आकडा. तशी चिठ्ठी कधी दिसली तर ती काढू नका, आहे तशीच ठेवून फोटो घ्या.

आपल्याकडे काय येत होतं तेही ध्यानात घ्या. अमेरिकेत या मशीनचा शेवटचा परवानाधारक गेम डिसेंबर १९९४ मध्ये आला. आपल्या भागात तेव्हा कुठे हंगाम सुरू झाला होता. कापसाचे चुकारे हातात आले की एखाद्या घरी लिटल मास्टर नावाचं गेमचं मशीन यायचं आणि अख्ख्या गल्लीची पोरं त्या घरी जमायची. कॅसेट नागपूर-अकोल्याहून यायच्या, कव्हरवर '९९९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत मोजकेच गेम, तेच तेच वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. काकांच्या दुकानातला माल याच वाटेने आला असणार. म्हणून माझा अंदाज सांगतो: तुमच्या कॅसेटमध्ये रद्द झालेला गेम नाही, जुन्या छोट्या गेमची नक्कल किंवा तिच्यात केलेला बदल आहे.

तरीही ती वाचा असंच मी सांगेन. नकलांमध्येही कोणी न नोंदलेले प्रकार निघतात, आणि या चिप थांबून राहणार नाहीत.

वाचायचं कसं? आधी चिप सॉकेटमध्ये आहेत की झाळलेल्या, ते बघा. सॉकेटमध्ये असतील तर टीएल८६६ किंवा टी४८ जातीचा प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं यंत्र, लागेल. तालुक्याच्या मोबाइल-एलसीडीवाल्याकडे बहुतेक लहान सीएच३४१ए असतो, तो या कामाचा नाही. तो आठ पायांच्या सिरियल चिपपुरता आहे. झाळलेल्या असतील तर उपसू नका. ६० पायांची खाच असलेला कॅसेट-रीडर मिळतो, तो यूएसबीवर चालतो आणि दोन्ही चिप जागेवरच वाचतो. आधी कॅसेटचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. फुंकर मारायची जुनी सवय सोडा, तोंडाच्या ओलाव्याने तांबं हिरवं पडतं.

प्रत्येक चिप निदान तीनदा वाचा आणि तिन्ही फाइल जुळतात का बघा. जुळत नसतील तर आधी पायांवरचा मळ तपासा. पाय स्वच्छ असूनही फरक पडत असेल तर चिप पुसत आली आहे. भार गळाला की शून्याचा एक होतो, उलट होत नाही, त्यामुळे दोन वाचनांत फरक असेल तिथे शून्यावर जास्त विश्वास ठेवायचा. प्रोग्रामरमध्ये वाचनाचं व्होल्टेज थोडं खाली आणता येत असेल तर दुबळे पडलेले शून्य पुन्हा दिसू लागतात. हे मी स्वतः पाहिलेलं आहे आणि दरवेळी समाधान वाटतं.

मग प्रोग्रामच्या फाइलचे शेवटचे सहा बाइट बघा. मशीन चालू झाल्यावर कुठून सुरुवात करायची तो पत्ता तिथे असतो. तो पत्ता ८००० ते एफएफएफएफ (सोळाच्या पद्धतीतले आकडे) या पट्ट्यात पडला तर प्रोग्राम शाबूत असण्याची आशा आहे. सगळी फाइल एफएफने भरलेली असेल तर चिप कोरी झाली. चित्रांची फाइल वायवाय-सीएचआर या प्रोग्राममध्ये उघडा. ८ केबीत ५१२ चित्र-चौकोन असतात, अक्षरं नि माणसं डोळ्यांनीच ओळखू येतात. गेम कोणता ते बहुतेक वेळा इथेच कळतं.

पडद्यावरचे रंगीत चौकोन? आधी लावली होती तेव्हा मागे संगीत वाजत होतं का, बटण दाबल्यावर आवाज बदलत होता का, ते आठवा. तसं असेल तर प्रोग्राम चालतोय आणि चित्रांची चिप किंवा तिचे पाय खराब आहेत. काहीच आवाज नसेल तर दुखणं मोठ्या चिपमध्ये.

दोन्ही फाइल हाताशी आल्या की त्यांचा सीआरसी३२ आकडा (फाइलची ओळख पटवणारा) काढून नो-इंट्रो आणि नेसकार्टडीबी या जुन्या गेमच्या याद्यांमधल्या नोंदींशी ताडा. ताडताना फाइलीच्या सुरुवातीचा १६ बाइटचा मथळा वगळा, नाहीतर जुळणारी फाइलही जुळणार नाही. जुळली तर गेम ओळखीचा. नाही जुळली तर मेसेन या इम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून बघा, आणि मग मला लिहा, आपण दोघं मिळून बघू.

मूळ मशीनवरच खेळायचं मन असेल तर आधी मशीनमधल्या ७८०५ रेग्युलेटरचं (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचं) आउटपुट मल्टीमीटरने मोजा, बरोबर ५ व्होल्ट यायला पाहिजे. गावातली वीज आणि ९ व्होल्टचा जुना अडॅप्टर, यांत तो रेग्युलेटर निकामी झाला की वाढीव व्होल्टेज सरळ कॅसेटमध्ये जातं. अमेरिका-जपानचे गेम सेकंदाला ६० चित्रांच्या हिशोबाने लिहिलेले आहेत आणि आपली मशीनं ५०ची, तेव्हा गेम थोडा संथ वाटला तर तो बिघाड समजू नका.

विकण्याबद्दल. वाचण्याआधी विकू नका, हे मी ठामपणे सांगतो. एकमेव प्रतीची फाइल बाहेर आली की भाव पडतो, या भीतीने काही संग्राहक खऱ्या चाचणी-प्रती कपाटात कुलूपबंद ठेवतात, आणि आतली चिप मात्र कुलपाला न जुमानता पुसत राहते. तुमच्या कॅसेटला तसा भाव येईल असं मला वाटत नाही. पण घेणारा आला तर त्याला वाचलेल्या फाइलचा आकडा आणि बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो दाखवा, नक्कल असेल तर नक्कल म्हणून विका. गेम रद्द झाला किंवा कंपनी बंद पडली म्हणून त्याचा कॉपीराइट संपत नाही, तेव्हा फाइलच्या प्रती काढून विकायचा विचार करू नका. आणि काकांना विचारून ठेवा: कोणती कॅसेट कुठल्या दुकानातून, कोणत्या सुमारास आणली. ही माहिती कुठल्याच चिपमध्ये नसते. एका वहीत लिहा, कॅसेटला नंबर द्या, आणि बाकी ढिगातल्या प्रत्येक बोर्डाचा सावलीत काढलेला फोटो मला पाठवा.